मागच्या खोलीपर्यंत सिग्नल

४ मार्च, सोमवार

आज साहेब वायरीत पाय अडकून पडले. हातात चहाचा कप, बरोबर आम्हाला पहिल्यांदाच काम द्यायला आलेले एक डॉक्टर, आणि साहेब त्यांना सांगत होते, "आमच्याकडे सगळं कसं अगदी शिस्तीत चालतं." शिस्तीत म्हणता म्हणता आडवे झाले. मी घाईघाईने हेडफोन कानाला लावून मान खाली घातली. हेडफोनमध्ये काहीच चालू नव्हतं, पण हसू लपवायला बरा पडला.

दुपारी मला आत बोलावलं. गुडघा चोळत म्हणाले, "मॅडम, या वायरी आता मला डोळ्यासमोर नकोत. सगळीकडे वायफाय करून टाकू. तुम्ही माहिती काढा आणि भागीदारांना दाखवायला एक टिपण लिहा. ऑफिसात काय फायदे, घरी काय फायदे." मला यातलं ओ की ठो कळत नाही, असं मी म्हटलं. तर म्हणे, "कळेपर्यंत वाचत बसणारं माणूस इथे दुसरं कोण आहे?" हे कौतुक होतं की टोमणा, ते ठरवता आलं नाही. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला 'लाल पेन' म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

टिपणासाठी निरीक्षणं हवीत, म्हणून ही डायरी उघडली. आमचं काम असं, की डॉक्टर आपले अहवाल बोलून पाठवतात, आम्ही ते ऐकून टाइप करतो. टाइप झालेलं सगळं शेवटी माझ्याकडे तपासायला येतं. आवाजाची फाइल उतरवून घ्यायला आणि झालेलं काम परत पाठवायला तेवढी इंटरनेटची वायर लागते. मधला वेळ नुसतं ऐकणं आणि टाइप करणं.

आमच्या कोपऱ्यात भिंतीतून एकच वायर येते आणि माणसं दोन आहोत. मी, आणि माझ्या टेबलाला टेबल लावून बसणारे शेजारचे. त्यामुळे वायर दिवसभर इकडून तिकडे फिरते. त्यांनी म्हणायचं, "घ्या." मी म्हणायचं, "झालं की देते." वायरीच्या टोकाची प्लास्टिकची जीभ केव्हाच तुटलीय. ती सरळ धरून आत ढकलावी लागते, म्हणून ते टोक माझ्याकडे करून देतात, कात्री देताना मूठ पुढे करतात तशी. इतकी वर्षं आमचं बोलणं बहुतेक एवढंच. यात रोज किती वेळ फुकट जातो, याचा टिपणात उल्लेख करायला हवा.

६ मार्च, बुधवार

घरचा अनुभव असल्याशिवाय घरचे फायदे कसे लिहिणार? म्हणून आज घरी वायफाय बसवून घेतलं. बसवणाऱ्याने विचारलं, "घरात किती जण वापरणार?" मी म्हटलं, एकच. तो म्हणाला, "मग तुम्हाला स्पीडची काही काळजी नाही."

फायदा पहिला: कॉम्प्युटर घेऊन घरात कुठेही बसता येतं. मी स्वयंपाकघरात बसून पाहिलं, बाहेरच्या खोलीत बसून पाहिलं, बाबांच्या खोलीतही जाऊन बसले. ते गेल्यापासून त्या खोलीत मी फक्त केर काढायला जाते. सिग्नल सगळीकडे उत्तम आहे. पण प्रत्येक खोलीत गेल्यावर वाटायचं, आपण इथे कशाला आलो? शेवटी पुन्हा जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले.

फायदा दुसरा: भावाशी समोरासमोर बोलता येतं. त्याला व्हिडिओ लावला. "अरे वा, ताई! आता रोज बोलू," म्हणाला. मग त्याने फोन भाचीकडे दिला, भाचीने तो वहिनीकडे दिला, वहिनीने ओट्यावर उभा करून ठेवला. बराच वेळ मी त्यांचं छत बघत होते. छताला ओल आलीय, सांगायला हवं.

११ मार्च, सोमवार

टिपण झालं. साहेबांना देण्याआधी कुणाला तरी दाखवावं म्हणून शेजारच्यांना दिलं. त्यातलं एक वाक्य इथे उतरवते, कारण ते मला फार बरं साधलं: "वायफायमुळे कर्मचारी जागेला बांधलेला राहत नाही; एकमेकांवर अवलंबून न राहता प्रत्येकाला आपापलं काम स्वतंत्रपणे करता येतं, आणि प्रसंगी घरूनही."

त्यांनी सावकाश वाचलं. मग विचारलं, "म्हणजे ही वायर काढणार?"

"अर्थात. तीच तर अडचण आहे."

"बरं," ते म्हणाले. हा माणूस सगळ्याला बरं म्हणतो. घराला आग लागली म्हणून सांगितलं तरी आधी बरं म्हणेल आणि मग उठेल. निदान एखादी चूक तरी काढायची! इतकं खपून लिहिलं, त्यावर नुसतं बरं. माझा थोडा विरस झाला.

१९ मार्च, मंगळवार

ऑफिसात वायफाय सुरू झालं. भागीदारांनी टिपण वाचून टाळ्या वाजवल्या म्हणे. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि बक्षीस म्हणून मला खिडकीजवळची जागा दिली. उजेड भरपूर, वारा छान. शेजारचे कोपऱ्यातच राहिले. आता ते शेजारचे नाहीत खरं तर, पण दुसरं काही म्हणायची सवय नाही.

जुन्या वायरी गुंडाळून माळ्यावर टाकल्या. फरशीवर चिकटपट्टीचे काळे पट्टे तेवढे उरलेत. ते घासूनही जात नाहीत.

काम भराभर झालं. दिवसभरात मला एकदाही कुणासाठी थांबावं लागलं नाही. संध्याकाळी रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तेव्हा घसा धरल्यासारखा झाला होता. मग लक्षात आलं, सकाळपासून मी तोंडच उघडलं नव्हतं. खिडकीच्या वाऱ्याने असेल. उद्यापासून झडप लावून बसेन.

२८ मार्च, गुरुवार

खिडकीत बसल्यापासून माझं चित्त लागत नाही. उजेड जास्त होतोय की काय, कळत नाही. आज दोनदा हात आपोआप डावीकडे गेला, वायर घ्यायला. समोर बसणाऱ्या मुलीने विचारलं, "मॅडम, काही हवंय का?" मी म्हटलं, पाणी. मग तहान नसताना ग्लासभर पाणी प्यावं लागलं.

२ एप्रिल, मंगळवार

शेजारच्यांच्या आई न्हाणीघरात घसरून पडल्या. कंबरेचं हाड मोडलंय. आता त्या बिछान्यातून उठतील असं दिसत नाही. घरात हे दोघंच. बहीण आहे, पण ती दूर राहते, फक्त रविवारी येऊ शकते.

त्यांनी साहेबांना घरून काम करू देण्याबद्दल विचारलं. साहेबांनी माझं टिपणच काढून दाखवलं, "आणि प्रसंगी घरूनही!" मला बोलावून सांगितलं, "तुम्हीच जाऊन बसवून द्या. पण मला खात्री हवी. ते आईजवळ मागच्या खोलीत बसणार. तिथपर्यंत सिग्नल नीट पोचत असेल तर घरून काम. नसेल पोचत, तर दिवसाची बाई ठेवावी आणि इथे यावं. ते तुम्ही ठरवा."

मी हो म्हटलं. आपल्या ज्ञानाचा कुणाला उपयोग होतोय, यात समाधानच आहे.

५ एप्रिल, शुक्रवार

त्यांच्या घरी जाऊन आले. आज जे झालं ते खरं खरं लिहिणार आहे.

घर लांबट आहे, एकामागे एक खोल्या, आणि भिंती इतक्या जाड की मागून हाक मारली तर पुढे ऐकू येत नाही. आई मागच्या खोलीत. अंगाने एवढ्याशा, डोळे मात्र टकटकीत. मला पाहिल्याबरोबर म्हणाल्या, "तूच का ती? ये, बस गं जवळ. याच्या तोंडी सारखं तुझंच." मी ओशाळले. मी त्यांच्या कामात चुका फार काढते, त्याचंच घरी बोलत असणार. मी म्हटलं, "आई, कामापुरतं बोलावं लागतं, त्यांनी मनाला लावून घेऊ नये." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग लेकाला म्हणाल्या, "ही पण तुझ्यासारखीच आहे रे." 

राउटर पुढच्या खोलीत लावला. मी त्याच्याशी, ते मागे कॉम्प्युटर घेऊन. मी फोनवरून विचारायची, "येतंय का?" ते म्हणायचे, "नाही." जागा बदलली, कपाटावर ठेवला, तरी नाही. घाम आला मला. तेव्हा मनात आलं, हे इथेच सोडून द्यावं. भिंती जाड आहेत, माझा काय दोष? साहेबांना तसं सांगितलं तर सोमवारपासून ते ऑफिसात येतील. मी खिडकी सोडून कोपऱ्यात परत जाईन, उजेडाचा त्रास होतो म्हणून. हा विचार माझ्या मनात चांगला ठाण मांडून बसला होता.

मग मागच्या खोलीतून फोनमध्ये आईंचा आवाज आला, "तू कामावर गेलास तर मला पाणी कोण देणार रे?" ते काहीतरी हळू बोलले. मी राउटर उचलला, बोळातल्या फळीवर उंच ठेवला, वायर भिंतीच्या कडेने ओढून घेतली. "येतंय का?"

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "येतंय."

"नीट येतंय?"

"हो. नीट येतंय."

साहेबांना तसं कळवलं. बाहेर पडताना ते दारापर्यंत आले. काहीतरी बोलतील असं वाटलं, म्हणून मी चपला घालायला वेळ लावला. "बरं," ते म्हणाले. मला रस्त्यात रडू आलं. का आलं ते कळलं नाही. दमले असेन.

१५ एप्रिल, सोमवार

कोपऱ्यातल्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय.

दुपारी शेजारच्यांचा फोन, "वायफाय बंद पडलंय. येऊ शकाल का?" ऑफिस सुटल्यावर गेले. राउटरच्या मागचं बटणच बंद होतं! मी कपाळाला हात लावला. बटण दाबलं, दिवे लागले. काम एवढंच, पण चहा झाला, आईंची विचारपूस झाली, अंधार पडायला लागल्यावर निघाले. त्यांना बटण कुठे असतं ते नीट दाखवून ठेवलंय. दोनदा दाखवलं. ते मन लावून बघत होते.

२४ एप्रिल, बुधवार

पुन्हा बंद. पुन्हा बटण. "मी दाखवलं होतं ना?" म्हटलं तर म्हणाले, "विसरलो." डॉक्टरांची औषधांची अवघडातली अवघड नावं न चुकता टाइप करणारा हा माणूस एक बटण विसरतो. वयाचा परिणाम म्हणावा तर माझ्याहून फार मोठे नाहीत.

आईंनी आज मला त्यांच्या शेजारी बसवून केस विंचरायला लावले. ते समोर बसून टाइप करत होते. मी मधूनच त्यांच्या पडद्याकडे बघून एक चूक दाखवली. ते हसले. ते हसतात हे मला माहीतच नव्हतं. घरी आले तर घर फार मोठं वाटलं.

५ मे, रविवार

रविवारी फोन आला म्हणून आश्चर्य वाटलं. रविवारी काम कुठे असतं? पण म्हणाले, बंद पडलंय. गेले. त्यांच्या ताई आल्या होत्या. माझ्यासाठी खुर्ची आधीच मांडलेली, त्यावर नवीन उशी. ताईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आईंना म्हणाल्या, "बरी आहे की." मी म्हटलं, "हो, मी बरी आहे, यांचा राउटरच बरा नाहीये." त्यावर दोघी इतक्या हसल्या की आईंना ठसका लागला. शेजारचे आत निघून गेले.

बटणच होतं. पण हे असं आपोआप बंद होणं चांगलं नाही. यंत्रच सदोष असलं पाहिजे. बिचाऱ्यांचा किती खोळंबा होतो, आणि संकोची स्वभावामुळे ते तक्रारही करत नाहीत. मीच आता याचा कायमचा निकाल लावते.

१० मे, शुक्रवार

साहेबांच्या मागे लागून शेजारच्यांसाठी नवीन, भारी राउटर मिळवला. आज स्वतः जाऊन बसवला. याला बटणच नाही. वीज गेली तरी आतल्या बॅटरीवर चालतो. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. माझ्या आवाजात जरा अभिमान आला असेल.

"म्हणजे हा बंदच पडणार नाही?" त्यांनी विचारलं.

"वर्षानुवर्षं नाही. आता तुम्हाला मला बोलवावं लागणार नाही."

ते राउटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

आज चहा झाला नाही. मीच नको म्हटलं. त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. आईंची काळजी असणार. जुना राउटर तपासायला दिलाय.

२७ मे, सोमवार

तक्रार नाही. राउटर उत्तम चाललाय. शेजारच्यांच्या फाइली वेळच्या वेळी येतात. त्यांच्या कामात पूर्वी पानामागे एखादी बारीकशी चूक हमखास असायची, मी ती दाखवायला टेबलावरून वाकायची. हल्ली एकही चूक नसते. मी दोनदा तपासते, तीनदा तपासते, काही सापडत नाही. लाल पेन टोपण लावून ठेवून देते. अशा वेळी समाधान वाटायला हवं.

साहेब खूश आहेत. आणखी तिघांना घरून काम करायला दिलंय. भागीदार म्हणतात, एवढी मोठी जागा हवी कशाला?

संध्याकाळी भावाला व्हिडिओ लावला. त्यांचं कुठे बाहेर जायचं चाललं होतं. "ताई, नंतर करतो हं," म्हणाला. मी वाट पाहिली. मग कॉम्प्युटर घेऊन बाबांच्या खोलीत जाऊन बसले, काही न लावता. मी फार एकटी आहे. हे वाक्य टिपणात बसणारं नाही, पण ते खरं आहे.

७ जून, शुक्रवार

जुना राउटर तपासून परत आला. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, यात काही दोष नाही. अगदी ठणठणीत आहे."

मी त्याच्यावर उखडलेच. "अहो, तो तीनदा बंद पडलाय. बटण आपोआप बंद होतं त्याचं."

त्याने बटण माझ्यासमोर दाबून दाखवलं. घट्ट आहे. अंगठ्याने जोर लावावा लागतो. "हे आपोआप बंद होत नसतं," तो म्हणाला. "घरात कुणीतरी बंद करत असणार."

घरात कोण आहे? आई बिछान्यातून उठू शकत नाहीत. राउटर बोळातल्या फळीवर, इतका उंच. ताई फक्त रविवारी येतात.

राउटर मांडीवर घेऊन मी बराच वेळ दुकानाबाहेरच्या बाकावर बसले होते. बटण दाबून पाहत होते.

आणि मी त्यांना बिनबटणाचा बसवून दिला!

९ जून, रविवार

काल दिवसभर काही लिहिलं नाही. फोन हातात घेतला आणि ठेवला, असं किती वेळा केलं ते लिहीत नाही. काय बोलणार? कशा आहेत आई, एवढं तर विचारता येतं. पण त्यावर ते "बरी आहे" म्हणतील, मी "बरं" म्हणेन, आणि मग फोन ठेवावा लागेल. आम्हा दोघांनाही कामाशिवाय बोलता येत नाही. पन्नाशी उलटली तरी आलेलं नाही. आणि या वयात हसं झालं तर? साहेबांना कळलं तर? समोरच्या मुलीला कळलं तर उद्यापर्यंत सगळ्या ऑफिसला कळेल.

जेवण गेलं नाही. ताट झाकून ठेवलं आणि उठून बाहेरच्या खोलीत गेले. माझ्या राउटरचे सगळे दिवे हिरवे होते. मी मागे हात घालून बटण चाचपलं आणि अंगठ्याने दाबलं. दिवे गेले. लगेच फोन लावला, विचार करायला वेळच दिला नाही स्वतःला.

"माझ्याकडचं वायफाय बंद पडलंय," मी म्हटलं.

"तुमच्याकडचं?" त्यांनी विचारलं.

"हो. काय झालंय काही कळत नाहीये. तुम्हाला यातलं काही कळतं का?"

मागे ताईंचा आवाज आला, "कोण आहे रे?" मला वाटलं, आता बरं म्हणतील आणि ठेवतील. मी तिथेच जमिनीवर बसले.

"काहीच कळत नाही," ते म्हणाले. "ताई आहे आईजवळ. पत्ता सांगा."

मी पत्ता सांगितला. मग खात्री करायला त्यांना तो परत म्हणून दाखवायला लावला. एकही चूक नव्हती.